गावाच्या लेकराचं बारसं

माझा धाकटा भाऊ म्हणजे आमच्या गावातलं सगळ्यात जड लेकरू, आणि ते कायम माझ्या कडेवर. आता तो म्हातारा झाला आहे, लोक त्याच्या भारदस्तपणाचं कौतुक करतात, तेव्हा मला हसू आवरत नाही. त्या भाराची खरी ओळख त्याच्या बायकोलाही नसेल, तेवढी मला आहे.

गोष्ट एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणायचे. आमचं गाव चामोर्शीच्या पलीकडे, एका अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि दुसऱ्या अंगाला जंगल. आषाढात रोवणा लागला की घरातली धडधाकट माणसं, बाया तर सगळ्याच, दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून धानाची रोपं लावत. अंगावर पिणारं पोर बांधावर झोळीत निजायचं. पण दूध सुटलेलं, पाय फुटलेलं पोर कुठे ठेवायचं? ते घरातल्या मोठ्या मुलीच्या कडेवर. यात त्या मुलीला काही विचारायचं असतं, असं कुणाच्या मनातही येत नसे. मुलीला देवाने कंबर दिली ती त्यासाठीच, असा सगळ्यांचा समज होता.

मला मात्र शाळेत जायचं होतं. पुढे मी स्वतः मास्तरीण झाले, तेव्हा लोक विचारायचे, आणि मी ज्ञानाची ओढ वगैरे सांगून वेळ मारून न्यायची. खरं कारण सांगू का? शाळेत बसायला मिळतं. मुलं भिंतीला टेकून, मांडी घालून तासन् तास बसलेली मला खिडकीतून दिसायची आणि माझा जळफळाट व्हायचा. मी खिडकीबाहेर भावाला घेऊन उभी राहून पाढे ऐकायची. भाऊ तेराच्या पाढ्यापर्यंत काही टिकायचा नाही, भोकाड पसरायचा. गुरुजी स्वभावाने गरीब होते, ते रागवत नसत, “जा बाई, याला जरा फिरवून आण,” एवढंच म्हणत. फिरवून आणेपर्यंत शाळा सुटलेली. त्यामुळे माझे पाढे कितीतरी दिवस बारापाशीच अडकून पडले होते.

एका रोवण्याला आमच्या शेजारचं एक पोर रांगत-धावत बोडीत गेलं. बोडी म्हणजे बांध्यांना पाणी देणारं लहान तळं. त्याची बहीण माझ्यापेक्षाही लहान, तिने आरडाओरडा केला म्हणून एका म्हाताऱ्याने धावत जाऊन पोराला केस धरून बाहेर काढलं. पोर वाचलं. मार बहिणीला बसला. तो मार पाहून मला इतका संताप आला की मी दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाही. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

त्याच सुमाराला ब्लॉकच्या ऑफिसातून आमच्या गावाला ग्रामसेविका आल्या. नागपूरकडच्या, तरुण, सायकलवरून येणाऱ्या. आम्ही त्यांना सेविकाबाई म्हणायचो. त्यांनी चावडीपुढे बायांना गोळा करून सांगितलं की गावात पाळणाघर काढू. एक छप्पर, भोवती पक्कं कुंपण, सांभाळायला दोन जाणत्या बाया आणि पोरांना दुपारी पेज. ब्लॉक दुधाची भुकटी देईल, भांडी देईल, पण आधी गावाने आपला वाटा उचलायचा. गावाचा वाटा पुढच्या मृगाच्या आत उभा राहिला नाही, तर ब्लॉकचा वाटा दुसऱ्या गावाला जाईल.

मी भावाला घेऊन सगळ्यात पुढे उभी होते. घरी येऊन बाबांना सरळ विचारलं, पाळणाघर झालं तर माझं काय?

“झालं तं तुले शाळेत टाकतो,” बाबा म्हणाले.

“आनि नाई झालं तं?”

“मंग पाहू.”

आमच्या घरात ‘मंग पाहू’चा अर्थ ‘कधीच नाही’ असा होता. त्या दिवसापासून पाळणाघराची काळजी सेविकाबाईंपेक्षा मला जास्त लागली.

गावाचा वाटा कसा जमवायचा, यावर सेविकाबाईंनी तोड काढली नाटकाची. आमच्याकडे धान कापून झालं की मंडई भरते. मंडई म्हणजे नुसता बाजार नव्हे. त्या दिवशी प्रत्येक घरी पंचक्रोशीतले सोयरे येतात, कोंबडं कापलं जातं, दंडारीचा नाच होतो, नाटक होतं. आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला एक वेळ भात नसला तर चालेल, नाटक पाहिजे. सेविकाबाई म्हणाल्या, एवढी माणसं येतात, तर यंदाच्या नाटकाला तिकीट लावू. मांडवाला एकच दार ठेवू. दारावर कडक माणूस बसवू.

कडक माणूस म्हणून कोतवालभाऊंची निवड झाली. त्यांच्याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. गावाचे कोतवाल, मिशा अशा की पोरं वाट सोडायची. एकदा त्यांनी स्वतःच्या बायकोची शेळी कोंडवाड्यात घातली होती आणि दंड भरल्याशिवाय सोडली नव्हती. दंडही त्यांच्याच खिशातून गेला, पण कायदा तो कायदा.

मंडईचा दिवस उजाडला. आमच्याच घरी तेरा-चौदा पाहुणे. दिवेलागणीला माणसांची रीघ मांडवाकडे निघाली. मी भावाला घेऊन दाराशीच उभी. डबा कोतवालभाऊंच्या मांडीवर. माझं सगळं भवितव्य त्या डब्यात पडणार होतं, तेव्हा मी हलते कशाला!

पहिलेच आले ते कोतवालभाऊंच्या बहिणीचे सासरे. कोतवालभाऊ उठून उभे राहिले. “राम राम मामाजी. तिकी...” एवढं म्हणाले आणि घसा खाकरला. “तिकडं समोर बसा. वारा हाय तिकडं.”

मामाजी समोर जाऊन बसले. त्यांच्या मागून त्यांचं सगळं गाव गेलं. मग आमच्या आत्याच्या सासरची माणसं आली. त्यातल्या एकाने खरंच कमरेची पिशवी सोडली. तेवढ्यात बाबा कुठून तरी धावत आले आणि त्याचा हात धरला. “आमच्या गावात येऊन पैसे काढता? आमी मेलो काय?” मग आमच्या गावचे लोक आले. तर कोतवालभाऊ म्हणतात, “तुमच्याकडून काय घेऊ गा, मांडवाचे बांबू तुमचेच तं हायेत.” झालं! पाहुण्याकडून घ्यायचं नाही कारण तो पाहुणा, आणि गावकऱ्याकडून घ्यायचं नाही कारण मांडव त्याचा. पंचक्रोशीत कुणाचा कुणी नाही असं माणूस सापडणं मुश्कील.

तरी दोन सापडले. एक बांगड्या विकणारा फिरता कासार आणि दुसरे जंगलखात्याचे गार्डसाहेब. ते वऱ्हाडातून बदलून आले होते, त्यांचं सोयरं कुणी नव्हतं. त्यांनी रोख तिकीट काढलं आणि पैसे दिले म्हणून पहिल्या रांगेत बसण्याचा हट्ट धरला. तिथे सगळे व्याही बसलेले. शेवटी त्यांना पेटीवाल्याच्या मांडीला मांडी लावून बसवलं. नाटक मात्र झकास झालं. मी डब्याकडे बघत असल्यामुळे मला त्यातलं काही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेविकाबाई आमच्या अंगणात बसल्या होत्या. डबा पुढे होता आणि त्याच्याकडे बघावं असं त्यात काही नव्हतं. त्या फार चिडल्या होत्या.

“तुम्हाला स्वतःच्या मुलांपेक्षा पाहुणे मोठे?” त्या म्हणाल्या.

माय भांडी घासत होती. तिने राखेचा हात न थांबवता सांगितलं, “मोठे नाई बाई. पन आज त्याचा पैसा घेतला तं उद्या त्याच्या दारी कोनतं तोंड घेऊन पानी पिऊ? आनि आमच्या पोरी तं त्याच्याच घरी देल्या हायेत ना.”

“मग हे लोक कधी काही देतात की नाही?”

“देतेत ना, काऊन नाई देत? लगनात देतेत. बारशात देतेत. कोनी गेलं तं तेराव्याले देतेत.”

“मग आता लग्न लावू का पाळणाघराचं?” सेविकाबाई रागाने म्हणाल्या.

मायचा हात थांबला. मला अजून तिचा तो चेहरा दिसतो. “लगन मोठ्याचं लागते बाई,” ती हळूच म्हणाली, “हे तं आता जलमून राह्यलं. याचं बारसं करू.”

सेविकाबाईंना वाटलं, ही बाई आपली चेष्टा करते आहे. पण दुपारपर्यंत विहिरीवर ती गोष्ट पोचली आणि संध्याकाळपर्यंत तिला हातपाय फुटले. बारसं म्हटलं की प्रत्येकाची जागा ठरलेली. आत्या नाव ठेवणार आणि अंगडं-टोपडं आणणार. पाळणा मामाच्या घरून येणार. आता हे लेकरू साऱ्या गावाचं. म्हणजे गावातून लग्न होऊन गेलेल्या लेकी सगळ्या त्याच्या आत्या. आणि गावात आलेल्या सुनांची माहेरं सगळी त्याची मामाची घरं. पंचक्रोशीतलं एकही गाव त्यातून सुटत नव्हतं! जे नातं मांडवाच्या दाराशी आडवं आलं होतं, तेच आता उलट बाजूने बैलगाडीला जुंपलं होतं. माझी माय शाळेची पायरी कधी चढली नव्हती, पण सोयरीक कुठे ओढते आणि कुठे अडते, हे तिला पाठ होतं. ती त्या दिवशी मला फार आवडली. मी तसं तिला सांगितलं, तर म्हणाली, “पोट्ट्याले पाहा, माती खाऊन राह्यला.”

चैत्रात बारसं धरलं. कोतवालभाऊ गावोगाव निरोप घेऊन फिरले. निरोप एकच: “आमच्या गावाले लेकरू झालं. बारशाले येजा.” लोक पहिल्यांदा हसले, मग विचारात पडले, आणि मग घरात काय काय आहे ते बघायला आत गेले. रिकाम्या हाताने बारशाला जायची कुणाची छाती?

त्या दिवशी सकाळपासून गाड्या येत होत्या. आत्या उतरत होत्या, लहान आत्या, मोठ्या आत्या, दात पडलेल्या आत्या. कुणी धान आणलं पायलीने, कुणी वाकळ, कुणी तांब्याची घागर. अंगडी-टोपडी तर इतकी की पुढची काही वर्षं गावातलं एकही पोर उघडं हिंडलं नाही. मामाची बाजू मागे कशी राहील? त्यांनी छपराचं गवत आणलं, लाकडी बल्ल्या आणल्या, एका मामाने दुभती शेळी आणली. कोतवालभाऊ वेशीवर उभे राहून ज्याचा आहेर त्याच्या गावाच्या नावाने मोठ्याने पुकारत होते. पुकारा ऐकून मागच्या गाडीतली माणसं आपला आहेर कमी तर पडत नाही ना, म्हणून चुळबुळ करायची. दोघांनी तर वेशीवरून गाडी परत फिरवली आणि आणखी भरून आणली. आत्यांनी मामांना टोमणे मारणारी गाणी म्हटली, मामांच्या बायकांनी त्याहून तिखट गाणी म्हणून फेड केली. सेविकाबाई हसून हसून डोळे पुसत होत्या.

दुपारी जंगलातल्या गावातून बाबांचे मैतर आले. गोंड होते ते, त्यांचे देव वेगळे, त्यांच्याकडे आमच्यासारखं बारसं होतही नसेल. पण बाबांचे मैतर म्हणजे लेकराचे काका, एवढं त्यांना पुरेसं होतं. “जोहार,” म्हणाले, आणि मागे दोन गाड्या भरून बांबू. हिरवे, सरळ, हाताच्या मनगटाएवढे. कुंपणाची चिंता मिटली म्हणून सगळे खूष. आणि नेमके तेव्हाच गार्डसाहेब आले.

त्यांनी बांबूकडे पाहिलं. ढोल थांबला. बांबू जंगलचा, आणि जंगल सरकारचं. माझा हिशेब सरळ होता. कुंपण नाही तर पाळणाघर नाही, पाळणाघर नाही तर ‘मंग पाहू’.

“हा माल कुठून आला?” गार्डसाहेबांनी विचारलं.

कोतवालभाऊ पुढे झाले. “साहेब, माल नोहे, आहेर हाय. लेकराच्या काकानं आनला.” मग जरा थांबून, अगदी नम्रपणे विचारलं, “तुमचा काय पुकारू? तुमी काय आनलं?”

सगळं गाव गार्डसाहेबांच्या हाताकडे बघायला लागलं. हात रिकामे होते. त्यांनी बिचाऱ्यांनी खिशात हात घातला, तर चार-पाच आत्या एकदम ओरडल्या, “पैसे नाई चालत!” गार्डसाहेब लाल झाले. वऱ्हाडात असताना त्यांनी किती बारशी पाहिली असतील, पण असं कोंडीत पकडणारं बारसं पहिलंच. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग कोतवालभाऊंच्या कानाजवळ जाऊन म्हणाले, “याचा जंगलखात्याचा पास उद्या मी स्वतः करून आणून देतो. त्याची फी काय लागली ती माझ्याकडं. हाच माझा आहेर.”

कोतवालभाऊंनी तो सगळ्यात मोठ्या आवाजात पुकारला. ढोल पुन्हा सुरू झाला, आणि गार्डसाहेबांना या वेळी कुणी न सांगता पहिल्या रांगेत बसवलं. ते त्या दिवसापासून लेकराचे मामा झाले ते झालेच. बदली होऊन गेल्यावरही चौकशी करत.

आता नाव ठेवायचं. मामाकडचा पाळणा बांबूचा, पिवळ्या फुलांनी सजवलेला. पण रिकामा पाळणा हलवायचा नसतो. आत कुणाला निजवायचं, यावर बायांचं एकमत होईना. कुणाच्या लहान बाळाला घातलं असतं, तर दुसरीला राग. मी संधी साधली. माझ्या दंडाला रग लागली होती. मी पुढे झाले आणि भावाला सरळ पाळण्यात ठेवून दिलं.

पाळणा करकरला. पाळणा टिकला. भावाच्या हातात कुणीतरी घुगऱ्यांचा द्रोण दिला आणि तो राजासारखा मांडी घालून खात बसला. गावाची सगळ्यात जुनी लेक सिरोंचाकडे दिलेली होती, अर्धं तेलुगू बोलायची, दोन दिवसांचा प्रवास करून आली होती. ती थोरली आत्या म्हणून तिने त्याच्या कानाशी वाकून नाव सांगितलं आणि बाकीच्या आत्यांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. इतक्या आत्या आणि पाठ एकच. त्या गोंधळात नाव कुणालाच ऐकू आलं नाही. भावाला विचारलं, आत्याने कानात काय सांगितलं? तो तोंडातलं गिळून म्हणाला, “अजून पाह्यजे.”

मृगाच्या आधी छप्पर चढलं, कुंपण उभं राहिलं. आहेरात आलेल्या धानावर सांभाळणाऱ्या दोन बायांची पावसाळ्याची सोय झाली. ब्लॉकची जीप आली, साहेबांनी लोकवर्गणीची चौकशी केली. सेविकाबाईंनी त्यांना काय सांगितलं मला माहीत नाही, पण साहेब जाताना शेळीच्या डोक्यावरून हात फिरवून गेले.

रोवणा लागला त्या सकाळी मी भावाला पाळणाघरात घेऊन गेले. तो रडेल, गळ्याला मिठी मारेल, मला परत फिरावं लागेल, अशी मी मनाची तयारी करून गेले होते. त्याने शेळी पाहिली. तो स्वतःच कडेवरून खाली घसरला आणि मागे वळूनही न बघता तिच्यामागे गेला. मी कुंपणाबाहेर बराच वेळ उभी राहिले. मला भयंकर राग आला, आणि मग भयंकर आनंद झाला, आणि मी शाळेपर्यंत पळत सुटले. एवढ्या जोरात पळता येतं, हे मला माहीतच नव्हतं.

शाळेत माझ्यासारख्याच आणखी मुली आल्या होत्या, बोडीत पडलेल्या पोराची बहीणसुद्धा. गुरुजींनी आम्हाला प्रार्थनेला शेवटच्या ओळीत उभं केलं आणि म्हणाले, “सरळ उभ्या राहा.”

आम्ही सरळच उभ्या होतो. ते पुन्हा म्हणाले, “अगं पोरींनो, सरळ.” मग ते काठी घेऊन आमच्या ओळीकडे आले, आणि मध्येच थांबले. मी शेजारी पाहिलं. प्रत्येकीची एक कंबर बाहेर निघालेली, एक हात कोपरात वाकलेला, आणि त्या हातात कुणी नाही. मी स्वतःकडे पाहिलं. मीही तशीच. बोडीतल्या पोराच्या बहिणीला पहिल्यांदा हसू फुटलं, मग आम्हा सगळ्यांनाच.

गुरुजींनी काठी खाली घेतली. “असू द्या,” म्हणाले, “होईल हळूहळू. चला, हात जोडा.”

माझा उजवा हात लगेच वर आला. डावा यायला थोडा वेळ लागला.